मनी इन द बँक: बॅग शिळी झालीये की नुसती उरकली जातेय?

शिडीवाला (धागाकर्ता)

मागच्या धाग्यात "मनी इन द बँक आता बंद करा, त्या बॅगेला वास यायला लागलाय" अशी आरोळी उठली आणि तिथून गाडी कथानकं ठरवायला ट्रिपल एच बरा की त्याच्या आधीचा विन्स मॅकमहन बरा यावर घसरली. म्हणून हा वेगळा धागा. नवख्यांसाठी एका ओळीत: डब्ल्यूडब्ल्यूईच्या या शिडीच्या मॅचमध्ये वर टांगलेली बॅग जो काढेल त्याला वर्षभरात कधीही चॅम्पियनला आव्हान द्यायचा करार मिळतो, आणि तो वापरणं म्हणजे कॅश-इन. २०२५ पर्यंतचाच हिशेब धरलाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बॅग शिळी झालेली नाही, ती उरकली जातेय.

पहिली मॅच ३ एप्रिल २००५, रेसलमेनिया २१, लॉस एंजेलिस. कल्पना ख्रिस जेरिकोची, मॅचमध्ये सहा जण, जिंकला एज. त्याने बॅग वापरली ८ जानेवारी २००६ ला, म्हणजे तब्बल २८० दिवसांनी. चॅम्पियन जॉन सीना एलिमिनेशन चेंबर (पिंजऱ्यातली सहा जणांची मॅच) जिंकून रक्तबंबाळ उभा होता. पिंजरा वर गेला, विन्स मॅकमहन आला आणि म्हणाला, अजून एक मॅच बाकी आहे. एजने दोन स्पिअर (धावत येऊन पोटात खांदा) मारले, खेळ खलास. जेमतेम दोन मिनिटांचं काम, पण त्यामागे नऊ महिन्यांचं व्याज साठलेलं होतं.

आता महिलांची बॅग घ्या. २०१७ ला कार्मेलाने ती २८७ दिवस सांभाळली. त्यानंतर काय झालं? २०१८ ला अलेक्सा ब्लिस, त्याच रात्री कॅश-इन. २०१९ ला बेली, त्याच रात्री. २०२० ला असुका, दुसऱ्या दिवशी कळलं की बॅगेत करार नाहीच, थेट बेल्ट आहे, कारण बेकी लिंच गरोदर. २०२१ ला निकी, दुसऱ्या दिवशी. २०२२ ला लिव मॉर्गन, पुन्हा त्याच रात्री. सलग पाच वर्षं त्या बॅगेने तिसरा दिवस पाहिला नाही. वर्षभराचा करार म्हणायचं आणि दूध नासायच्या आत संपवायचा!

पुरुषांकडे जरा बरं आहे, पण तिथेही एक गंमत आहे. बॅरन कॉर्बिन ५८ दिवस, ब्रॉक लेस्नर ५६, बिग ई ५७, आणि २०२५ चा सेथ रॉलिन्स पुन्हा ५६. दोन महिन्यांचं भाडं भरून खोली घेतल्यासारखं. प्रेक्षकाला नकळत अंदाज यायला लागतो, आणि अंदाज आला की "आत्ता येईल का?" ही धाकधूक जाते. ती गेली तर उरतं काय? पत्र्याची पेटी.

तुमचं काय म्हणणं?

बेलवाजवा

हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच बरोबर.

एक म्हणजे असुकाला यादीत धरू नका. २०२० ची मॅच स्टॅमफर्डच्या मुख्यालयात, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, आधी चित्रित करून दाखवलेली. तो काळच वेगळा होता.

दुसरं, त्याच रात्रीचा कॅश-इन मुळात वाईट नाही. २०१० ला केनने रे मिस्टेरिओला त्याच रात्री संपवलं, कारण असं आधी कुणी केलंच नव्हतं. २०१६ ला डीन अँब्रोजने केलं तेव्हा एकाच रात्रीत रेन्स, रॉलिन्स आणि अँब्रोज, शील्ड या जुन्या त्रिकुटातले तिघेही चॅम्पियन म्हणून दिसले. तशी जुळणी वर्षभर थांबून मिळाली नसती. युक्ती तीच, पण सहा वर्षांच्या अंतराने वापरली होती. २०१८ आणि २०१९ ला लागोपाठ वापरली तेव्हा तिचा धक्का गेला.

आता माझा मुद्दा. थरार टिकायचा तर बॅग वाया जाण्याची भीतीही खरी हवी. पुरुषांत ती आहे. सीना २०१२ ला रॉ १००० मध्ये ('रॉ' या साप्ताहिक शोचा हजारावा भाग) मॅच जिंकला, पण डिसक्वालिफिकेशनवर, म्हणजे बेल्ट नाही. सँडो २०१३ ला हरला. कॉर्बिन २०१७ ला जिंदर महालकडून हरला. स्ट्रोमनची मॅच २०१८ ला लेस्नरने पिंजऱ्याचं दार तोडून निकालाविना संपवली. थिअरी २०२२ ला, मॅकिंटायर २०२४ ला, दोघेही हरले. आणि महिलांत? कार्मेला, अलेक्सा, बेली, निकी, लिव, इयो स्काय, टिफनी, नेओमी. आठ कॅश-इन, आठही यशस्वी. म्युझिक वाजलं की निकाल लागला. मला तर दिवसांपेक्षा हे जास्त खुपतं.

द्वारकासर्कल

+१. नेओमीच्या वेळी इव्होल्यूशन या महिलांच्या कार्यक्रमात इयो आणि रिया रिप्ली जीव तोडून लढत होत्या. म्युझिक वाजल्यावर पुढचं सगळं पाठ.

तिवंधा_चौक

नाशिककरांना हे समजावून सांगायला रहाडीचं उदाहरण पुरे. रंगपंचमीला रहाड (जमिनीतला रंगाचा हौद) उघडते, लोक धप्पा मारायला, म्हणजे त्यात उडी घ्यायला, रांगा लावतात. वर्षातले उरलेले दिवस ती बंद, वरून गाड्या जातात. दर महिन्याला उघडली असती तर त्याच पाण्याला लोक डबकं म्हणाले असते.

बॅगेचं तसंच झालं. २००५ ते २००९ वर्षाला एकच बॅग, तीही रेसलमेनियात. २०१० ला मात्र एका वर्षात तीन: रेसलमेनिया २६ ला जॅक स्वॅगर, आणि जुलैत स्वतंत्र पीपीव्ही (पैसे भरून बघायचा मोठा कार्यक्रम) काढून केन आणि मिझ. तिथून ती सणाची वस्तू राहिली नाही, कॅलेंडरवरची तारीख झाली.

हेल इन अ सेलचंही असंच झालेलं. १९९७ ला अंडरटेकर आणि शॉन मायकल्सचं वैर पिंजऱ्याशिवाय मिटणार नाही म्हणून पिंजरा आला. २००९ पासून दरवर्षी त्या नावाचा कार्यक्रम ठरला, मग पिंजरा आधी आणि वैर मागाहून. २०२२ नंतर तो कार्यक्रम थांबवला, ते बरं केलं.

गंगापूररोडकरीण

महिलांच्या बॅगेबद्दल बोलताना एक गोष्ट सगळे विसरतात. पहिल्याच मॅचमध्ये बॅग काढली कुणी? कार्मेलाच्या साथीदाराने, जेम्स एल्सवर्थने! तो शिडीवर चढला, बॅग काढली आणि खाली कार्मेलाकडे टाकली. पहिली महिला मॅच आणि जिंकून दिली एका पुरुषाने. लोक भडकले, बॅग काढून घेतली, २७ जून २०१७ ला मॅच पुन्हा घेतली आणि ती परत कार्मेलाच जिंकली. त्या गोंधळानंतर बॅग जपून हाताळायची सोडून ती टायटल बदलायचा शॉर्टकट म्हणून वापरली गेली. चॅम्पियनचा बेल्ट काढायचाय पण तिला सरळ हरवायचं नाही, काढा बॅग.

टिफनी स्ट्रॅटनच्या वेळी मात्र काम नीट झालं आणि ते का झालं हे बघण्यासारखं आहे. ६ जुलै २०२४ ते ३ जानेवारी २०२५, १८१ दिवस. ती चॅम्पियनच्या, म्हणजे नाया जॅक्सच्या, गोटातलीच. बॅग घेऊन रोज तिच्या शेजारी उभी. त्यामुळे प्रत्येक सेगमेंटमध्ये प्रश्न जिवंत: आज दगा देईल का? नायाने मान वळवली की टिफनी बॅग मागे घ्यायची. कॅमेरा फक्त हातावर. एक शब्द न बोलता गोष्ट पुढे सरकायची. ज्यांना बॅग सांभाळणं म्हणजे नुसतं खांद्यावर टाकून फिरणं वाटतं त्यांनी ते सहा महिने बघावेत.

उलट उदाहरण २०२३ च्या डेमियन प्रीस्टचं. २८१ दिवस सांभाळली, आकडा एजच्या बरोबरीचा. पण मधल्या काळात इतक्या वेळा धावत आला आणि इतक्या वेळा कुणीतरी अडवलं की हसू यायला लागलं. समरस्लॅम २०२३ ला त्याच्या बॅगेनेच त्याच्याच गटातल्या फिन बॅलरचा घात झाला, ते एकदा चाललं. दर महिन्याला लांडगा आला रे केलं की खरा लांडगा आल्यावर कुणी काठी उचलत नाही. एजच्या बरोबरीचे दिवस घेऊनही हवा निघाली होती, म्हणजे शिडीवालांचा नुसत्या दिवसांचा हिशेब पुरत नाही.

शिडीवाला

@गंगापूररोडकरीण, मान्य. दिवस मोजणं सोपं म्हणून मोजले. भरणा कशाचा केला हे महत्त्वाचं. तरी रेसलमेनिया ४० ला नुकताच चॅम्पियन झालेला मॅकिंटायर पंकला डिवचत बसला, पंकने हातावरच्या ब्रेसने त्याला हाणला आणि प्रीस्ट आला, ते जमून आलंच होतं की.

गंगापूररोडकरीण

जमलं ते मॅकिंटायर आणि पंकमुळे. प्रीस्ट त्या दिवशी पोस्टमन होता.

सातपूर_वेल्डर

तुम्ही सगळे कॅश-इनवर बोलताय. माझ्या मते शिळी झालीये ती मॅच. आणि त्याचं कारण शिडीत आहे, जरा सविस्तर लिहितो.

रिंग २० बाय २० फूट. खाली लोखंडी सांगाडा, वर फळ्या, पातळ फोम, त्यावर ताणलेलं कॅनव्हास. ही जमीन नव्हे, दाबली की खाली-वर होते. दुहेरी शिडीचे चार पाय अशा पृष्ठभागावर सारखे टेकत नाहीत. एकाच बाजूने जड माणूस चढला की त्या बाजूचे पाय रुततात आणि शिडी डोलायला लागते. दोन्ही बाजूंनी दोघे चढले तर तोल उलट चांगला राहतो. म्हणून वर दोघे एकमेकांना ठोसे मारतात ते दृश्य बघायला धोक्याचं पण त्यातल्या त्यात स्थिर. खरा धोका एकटा चढणाऱ्याला, आणि शिडी पडते ती बहुधा बाजूला, कारण तिची रुंदी कमी.

आता आडवी शिडी. एक टोक रिंगच्या कडेवर, दुसरं बॅरिकेडवर, मधे माणूस टाकायचा. शिडीची रचना उभा भार घ्यायला केलेली असते. आडवी ठेवून मधोमध वजन पडलं की दोन्ही दांडे मधेच वाकतात. ते वाकणं म्हणजेच बचाव, कारण पडणाऱ्याचा जोर धातू खातो. शिडी वाकली नाही तर तो सगळा जोर पाठीला. रेसलमेनिया २३ ला जेफ हार्डीने एजवर उंच शिडीवरून उडी घेतली तेव्हा खालची शिडी मोडली, म्हणून ते दृश्य आजही दाखवतात. अलीकडे शिडी न मोडता माणूस आपटून बाजूला घरंगळतो, लोक "आई गं" म्हणतात आणि पुढे जातात. दुखापत तेवढीच, पण बघणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

तिसरी गोष्ट हूक. बॅग अडकवलेली असते ती स्प्रिंगच्या जिभेच्या हूकला. जीभ आत दाबायची, त्याच वेळी बॅग जराशी वर उचलायची, मग हँडल बाहेर येतं. नुसती जीभ दाबून खाली ओढाल तर हँडल हूकच्या तळाशी बसून राहणार. म्हणजे दोन्ही हात वर, तोल फक्त पायांवर, खाली डोलणारी शिडी. रेसलमेनिया २६ ला स्वॅगर वर एकटाच होता आणि बॅग निघता निघेना. बाकीचे नऊ जण खाली निपचित पडून वाट बघतायत! ते बघून सगळं सोंग उघडं पडतं.

आणि शेवटचं, चढण्याचा वेग. बारा फुटी शिडीला साधारण फुटाफुटावर पायरी. घरी रंग द्यायला येणारा माणूस डबा हातात घेऊन ती दहा सेकंदांत चढतो. इथे प्रत्येक पायरीवर एक श्वास, एक मागे वळून बघणं, एक हात कमरेला. २००५ ला शेल्टन बेंजामिन तिरकी टेकवलेली शिडी धावत चढला आणि जेरिकोला क्लोथलाइन (गळ्यावर आडवा हात) मारून खाली आणला. धावत! वीस वर्षांत तेवढ्या वेगाने कुणी चढलेलं दाखवा.

द्वारकासर्कल

वेल्डरभाऊ, पुढच्या मॅचला तुम्हालाच रेफ्री पाठवू. स्पिरिट लेव्हल घेऊन या.

सातपूर_वेल्डर

लेव्हलचा बुडबुडा पाहिला तर मॅच रद्दच करावी लागेल.

लालमाती

कुस्तीवाल्यांच्या बाजूने दोन शब्द. ही सगळी नुरा (आधीच ठरवलेली) कुस्ती आहे हे माहीत असूनच बोलतोय, कृपया ते ज्ञान पुन्हा देऊ नये.

यात्रेच्या दंगलीत जिंकलेला पैलवान धापा टाकत असताना ताज्या दमाचा गडी समोर उभा केला तर मैदानातली माणसं खवळतील. जोड वजन, ताकद आणि दम बघून लावतात, तो अलिखित करार आहे. नाशिककडून लढलेल्या हर्षवर्धन सदगीरने २०२० ची महाराष्ट्र केसरी जिंकल्यावर हरलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं, ती आपली रीत. बॅग नेमकी या रीतीच्या उलट आहे: दमलेल्याला गाठायचं. म्हणून तिचा जन्मच मुळी लबाडासाठी झालाय. एज, मिझ, रॉलिन्स, सगळे लबाड. मिझने २२ नोव्हेंबर २०१० ला लंगडणाऱ्या ऑर्टनला हरवलं तेव्हा प्रेक्षकांतली एक चिमुरडी अशा काही रागाने बघत होती की तो चेहराच त्या कॅश-इनची ओळख झाला. मिझला त्याहून मोठं बक्षीस कुठलं?

भला माणूस बॅग जिंकला की लिहिणारे अडकतात. चोरून वापरली तर भलेपणा जातो, आधी सांगून वापरली तर बॅगेचा उपयोग काय? साधी टायटल मॅचच झाली की ती. रॉब व्हॅन डॅमने २००६ ला आधी सांगून सीनाला हरवलं, ते चाललं कारण जागा हॅमरस्टाइन बॉलरूम होती, इसीडब्ल्यू या जुन्या कंपनीचे चाहते सीनाचा शर्ट परत फेकत होते. मॅचपेक्षा मैदान मोठं होतं. तीच रीत सीनाने २०१२ ला आणि स्ट्रोमनने २०१८ ला वापरली, दोघांच्याही हाती भोपळा.

भल्या माणसाला एकच वाट मोकळी आहे: चोराकडून चोरायचं. ३० जून २००८ ला बटिस्टाने चॅम्पियन एजला लोळवला आणि बॅग घेऊन पंक धावत आला. ज्याने दोनदा दमलेल्यांना गाठून बेल्ट मिळवला तोच दमलेला सापडला. लोक नाचले. त्यामुळे मॅचमध्ये कोण घालायचा हे ठरतानाच अर्धा निकाल लागतो. माझ्या मते शिळेपणा इथून येतो, चुकीच्या माणसाच्या हातात बॅग देण्यातून.

बेलवाजवा

@लालमाती, एक दुरुस्ती. एजने दुसऱ्यांदा बेल्ट मिळवला ती बॅग त्याने जिंकलेली नव्हती. २००७ ला ती केनेडीने जिंकली. त्याची दुखापत मोठी आहे असा समज झाला म्हणून ७ मे च्या रॉ मध्ये एजने ती त्याच्याकडून जिंकून घेतली आणि त्याच आठवड्यात स्मॅकडाउनमध्ये अंडरटेकरवर वापरली. पुढे एज स्वतः दुखापतीने बाहेर, बेल्ट रिकामा, बॅटल रॉयल, आणि चॅम्पियन कोण? आपला खली. म्हणजे भारतीय माणसाच्या गळ्यात तो बेल्ट पडण्याच्या साखळीत केनेडीचा हात दुखणं ही पहिली कडी.

बाकी माणूस निवडण्याबद्दल पूर्ण सहमत. २०१९ आठवा. अली शिडीच्या टोकावर, हात बॅगेला लागलेला. लेस्नरचं म्युझिक वाजतं. लेस्नर त्या मॅचमध्ये नव्हताच! अली वर पुतळ्यासारखा उभा, लेस्नर चालत येतो, शिडी ढकलतो, चढतो, बॅग घेतो. ज्याला कधीही टायटल मॅच मिळू शकते त्याला कराराची गरज काय? मग तो ती बॅग खांद्यावर टेपरेकॉर्डरसारखी धरून नाचला, ते मात्र मजेशीर होतं, खोटं कशाला बोलू.

तिवंधा_चौक

अलीने तेवढ्या वेळात हूकची जीभ दाबली असती तरी जिंकला असता. वेल्डरभाऊंचा क्लास लावायला हवा होता.

बेलवाजवा

अजून एक कारण कुणी घेतलंच नाही: समोरचा चॅम्पियन. रोमन रेन्स ऑगस्ट २०२० ते एप्रिल २०२४, १३१६ दिवस चॅम्पियन. २०२२ पासून दोन्ही मोठे बेल्ट त्याच्याकडेच. रेसलमेनियापर्यंत त्याला हरवायचं नाही हे ठरलेलं. मग २०२२ च्या थिअरीने बॅग नेऊन उघडायची कुठे? शेवटी १२८ दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, त्याने ती युनायटेड स्टेट्स टायटलसाठी वापरली आणि तीही हरला. सोन्याच्या चावीने पोस्टाची पेटी उघडायला गेला आणि ती पण उघडली नाही. लोकांनी थिअरीला हसून घेतलं, पण दोष कुलपाचा होता. २०२३ ला वर्ल्ड हेवीवेट टायटल नव्याने आणलं तेव्हा प्रीस्टसाठी निदान एक दार तयार झालं.

म्हणून नियम असा असावा: लांब कारकीर्द चालवायची असेल तर त्या वर्षी बॅग टांगू नका. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत.

आडगावकर

मला एक साधा प्रश्न आहे. बॅग घेऊन फिरणारा दर आठवड्याला हरतो का? झिगलर हरायचा, सँडो हरायचा, कॉर्बिन हरायचा.

गंगापूररोडकरीण

कारण लिहिणाऱ्यांना वाटतं की बॅग आहे म्हणजे याला हार पचते. बँकेत एफडी आहे म्हणून रोजचा खर्च उधारीवर करायचा, तसला प्रकार. झिगलरचं नशीब की ८ एप्रिल २०१३ ला, रेसलमेनियाच्या दुसऱ्या दिवशी, चॅम्पियन डेल रिओचा घोटा मोडल्यासारखा झालेला आणि समोर सगळ्यात आरडाओरडा करणारा प्रेक्षक. २६७ दिवसांच्या हारी त्या एका आवाजात धुऊन निघाल्या. सँडोच्या बाबतीत धुवायला कुणी आलंच नाही. १०६ दिवसांनी एका हाताने लढणाऱ्या सीनाकडून हरला आणि संपला.

शिडीवाला

चांगली चर्चा झाली, माझं मत थोडं हललंय. आता उपायांवर बोलू. माझा प्रस्ताव: जिंकल्यापासून पहिले ३० दिवस कॅश-इन बंद. आणि माजी वर्ल्ड चॅम्पियनला मॅचमध्ये प्रवेश नाही.

लालमाती

पहिला नको. "कधीही" या शब्दातच सगळा दम आहे. ३० दिवस बंद म्हटलं की चॅम्पियन ३० दिवस निवांत झोपणार आणि ३१ व्या दिवशी सगळे टीव्हीसमोर बसणार, म्हणजे पुन्हा तारीखच ठरली. त्यापेक्षा लिहिणाऱ्यांनी स्वतःला घालून घ्यावं, लोकांना सांगू नये. दुसरा प्रस्ताव पटतो, पण मग २०२५ चा रॉलिन्स बाद होतो, आणि गुडघा मोडल्याचं तीन आठवडे सोंग करून कुबड्यांवर लंगडत आला, कुबडी टाकली, पट्टा सोडला आणि नुकत्याच चॅम्पियन झालेल्या पंकला लोळवला, ते मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

द्वारकासर्कल

त्या पहाटे नाशिकात मिसळीचे गाळे उघडायच्या आधी अर्ध्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मारामाऱ्या झाल्या होत्या. ५६ दिवस होते तरी!

शिडीवाला

हो, आणि ते चाललं कारण त्याने दिवस लपवले. गुडघा गेलाय म्हटल्यावर बॅग वर्षभर पडून राहणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मी वर जे ५६-५७-५८ म्हणून नाक मुरडलं, ते या एकाला लागू नाही. तेवढं मागे घेतो.

सातपूर_वेल्डर

माझ्याकडून स्वस्तातला उपाय. मॅचमधली माणसं सहावर आणा. रेसलमेनिया २६ ला दहा होते, तेव्हा आठ जण सतत रिंगबाहेर आडवे पडून छत बघत होते. शिड्या चारच ठेवा, ठिकठिकाणी वीस नकोत. शिडी कमी असली की ती मिळवण्यासाठीच मारामारी होते, आणि मारामारीला कारण मिळतं. आणि हूक बदला.

आडगावकर

हूकवरून आठवलं. २०१२ ला सीनाच्या हातात बॅग आली ती हँडल तुटून. मग ती रीतसर जिंकली का? नियम "बॅग हूकवरून सोडवणे" असा असेल तर त्याने ती सोडवलीच नाही.

बेलवाजवा

करार बॅगेत असतो, हँडलमध्ये नाही. बॅग त्याच्या हातात, रेफ्रीने खूण केली, बेल वाजली. तुम्हाला हवं तर हँडलसाठी वेगळी मॅच ठेवू.

सातपूर_वेल्डर

हँडल मी लावून देतो. पण मग पुढचा कुणी ते दहा मिनिटांच्या आत काढून दाखवावं.